स्वस्तातलं पिस्तूल, भारीतलं पिस्तूल

पिस्तूल म्हटलं की आपल्याकडे दोनच गोष्टी डोळ्यासमोर येतात. एक हिंदी सिनेमा, आणि दुसरी म्हणजे पेपरात आतल्या पानावर येणारी 'गावठी कट्ट्यासह दोघे ताब्यात' ही चार ओळींची बातमी. त्यामुळे मी शनिवार-रविवारी सकाळी रेंजवर जातो हे ऑफिसात फुटलं तेव्हा पहिला प्रश्न आला तो "लायसन आहे का रे?" हाच. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाला, म्हणजे ४.५ मिलिमीटरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या हवेच्या हत्याराला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही, दुकानदार ओळखपत्र बघून नोंद ठेवतो, हे मी आतापर्यंत इतक्यांदा सांगितलंय की आता त्याची एक एफएक्यू छापून क्यूबिकलला चिकटवावी म्हणतो.

पण त्याहून जास्त विचारला जाणारा प्रश्न वेगळाच आहे. "स्वस्तातलं घेऊ, की थोडे पैसे टाकून भारीतलं घेऊ?" हा प्रश्न आपण मोबाईलला विचारतो, मिक्सरला विचारतो, इंजिनिअरिंगच्या कॉलेजलाही विचारतो. पण पिस्तुलाच्या बाबतीत त्याचं उत्तर कुठल्या देशात उभं राहून विचारताय यावर बदलतं, आणि ते का बदलतं हे मला स्वतःला मजेदार वाटतं. म्हणून आजचा विषय हा.

सुरुवात डॅलसपासून करू. कॉलेजातला एक मित्र तिथे आहे, मूळचा पंचवटीतला. त्याला १९११ घ्यायचंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे .४५ कॅलिबरचं, जॉन ब्राउनिंगने डिझाइन केलेलं, कोल्ट कंपनीने बनवलेलं आणि अमेरिकन सैन्याने २९ मार्च १९११ ला स्वीकारलेलं पिस्तूल. सैन्याने ते १९८५ पर्यंत मुख्य पिस्तूल म्हणून वापरलं. जुन्या इंग्रजी युद्धपटांत सार्जंटच्या कमरेला जे असतं ते हेच. त्याची पेटंट केव्हाच संपली, त्यामुळे आता ते कोणीही बनवतं. थोडक्यात, लोखंडातलं लिनक्स! फिलिपिन्समधल्या आर्मस्कोर कंपनीचं रॉक आयलंड नावाचं १९११ तिथे पाचशे डॉलरच्या आसपास मिळतं, आणि अमेरिकेतल्या नामांकित वर्कशॉपमध्ये हाताने जुळवून केलेलं तीन हजारांच्या पुढे. सोर्स कोड तोच, डिस्ट्रो वेगवेगळे.

मग वरचे अडीच हजार डॉलर जातात कुठे? बरेचसे माणसाच्या हाताला जातात. वरची सरकणारी स्लाइड आणि खालची फ्रेम यांच्यातली फट, नळी कुलूपबंद होते तिथली बैठक, ट्रिगरचा तो काच तुटल्यासारखा स्वच्छ ब्रेक, हे सगळं कारागीर कानस घेऊन बसून जुळवतो. स्वस्तातल्यात काही लहान पार्ट धातूची भुकटी साच्यात दाबून, भट्टीत भाजून केलेले असतात, महागड्यात ते अखंड पोलादातून कोरलेले असतात. पण गंमत अशी, की सैन्याला हे हाताने जुळवणं नकोच होतं. एका पिस्तुलाची नळी काढून दुसऱ्यात टाकली तरी ते चाललं पाहिजे, ही त्यांची अट. म्हणून मूळ सैन्यातली १९११ जराशी सैलच असायची, हलवली तर खुळखुळ वाजायची, आणि तो खुळखुळाट हा दोष नव्हता. म्हणजे 'क्वालिटी' या एका शब्दाचे इथे दोन अर्थ झाले आणि ते दोन्ही एकमेकांच्या विरुद्ध दिशेला ओढतात. आपल्या धंद्यात हे रोज दिसतं. एका कस्टमरसाठी हाताने घासूनपुसून केलेला कोड आणि कुठेही उचलून बसवता येणारं मोड्यूल, यात चांगलं कुठलं?

आणि तिसराही एक अर्थ आहे, तो म्हणजे दुर्मिळता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन सरकारने शिलाई मशीनवाल्या सिंगर कंपनीकडून ५०० पिस्तुलं करून घेतली होती. हो, आपल्या आजीच्या मशीनवालं सिंगर! टाइपरायटर करणाऱ्या रेमिंग्टन रँडने लाखांनी केली. आज संग्राहक सिंगरच्या एका पिस्तुलाला जे मोजतात त्यात रेमिंग्टन रँडची कित्येक येतील. सिंगरचं काम सुबक होतं म्हणतात, पण एवढा भाव सुबकपणाला मिळत नाही. तो ५०० या आकड्याला मिळतो.

मित्राला मी सांगितलं, तुझ्याकडे बाजार आहे, त्यामुळे तुझा प्रश्न सोपा आहे. स्वस्तातलं घे, उरलेल्या पैशात गोळ्या घे आणि एखाद्या प्रशिक्षकाची फी भर. एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगितली. कोल्टने १९८३ साली सीरिज ८० मध्ये पिस्तूल हातातून पडलं तरी उडू नये म्हणून फायरिंग पिन अडवणारी एक कळ घातली. ती रॉक आयलंडमध्ये नसते, आणि तीन हजारवाल्या कित्येक पिस्तुलांतही नसते, कारण तिच्यामुळे ट्रिगरचा गोडवा थोडा जातो असं शौकिनांचं म्हणणं. म्हणजे जास्त पैसे मोजले की जास्त सुरक्षितता मिळते, हे समीकरण इथे लागू नाही. घरात लहान मूल आहे त्याने तर आधी तिजोरीचे पैसे बाजूला काढावेत.

आता नाशिक.

नाशिककराला ब्राउनिंग हे नाव शाळेच्या इतिहासापासून माहीत असतं, फक्त आपण ते माणसाचं नाव आहे हे विसरतो. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीनबरोबर पाठवलेली २० ब्राउनिंग पिस्तुलं खटल्यात गाजली. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. हे सगळं आपण पाठ केलेलं असतं. पण त्याच ब्राउनिंगने, त्याच सुमारास बेल्जियमच्या एफएन कंपनीसाठी केलेलं .३२ चं काडतूस आजही भारतात परवानाधारकाला मिळणाऱ्या पिस्तुलाचं काडतूस आहे, हे कुठल्या पुस्तकात नसतं. युरोपात त्याला ७.६५ ब्राउनिंग म्हणतात. .४५ किंवा ९ एमएम आपल्याकडे सामान्य नागरिकाला मिळत नाही, ते प्रतिबंधित बोअर. त्यामुळे सव्वाशे वर्षं जुनं डिझाइन हाच आपल्याकडचा चालू मॉडेल!

माझा मामेभाऊ निफाडकडे असतो, द्राक्षबाग आहे. त्याला मोठ्या खटपटीने परवाना मिळाला. नाशिक शहरात हा परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात कलेक्टर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. आता त्याच्यापुढे दोन पर्याय. एक, सरकारी ऑर्डनन्सचं नवीन .३२ पिस्तूल, सगळं मिळून लाखाच्या घरात. (ऑर्डनन्स फॅक्टऱ्यांच्या २०२१ मध्ये सात कंपन्या झाल्या, हत्यारांची कानपूरची कंपनी वेगळी झाली, पण लोकांच्या तोंडी अजून 'ऑर्डनन्स'च आहे.) आणि दुसरा, कोणा जुन्या घराण्यातून विक्रीला आलेलं विलायती वेब्ली अँड स्कॉट, किंमत पाच लाख. फोटो पाठवला त्याने. काळपट निळी झाक, मुठीवर बारीक चौकटी, खरंच देखणं होतं.

"दादा, फिनिश बघ ना! ऑर्डनन्सचं याच्यापुढे नळाच्या पाइपासारखं वाटतं."

"अरे पण पाच लाख कशाचे?"

"इम्पोर्टेड आहे. क्वालिटी."

इथेच माझं आणि त्याचं वाजलं. पाच लाख हे क्वालिटीचे नाहीतच. १९८० च्या दशकाच्या मध्यात सरकारने हत्यारांची खाजगी आयात बंद केली, नावाजलेल्या नेमबाजांसारखे थोडे अपवाद सोडून. म्हणजे भारतातल्या विलायती पिस्तुलांचा आकडा तिथे गोठला. नवीन येत नाही, जुनी झिजतायत, जमा होतायत, आणि मागणी मात्र वाढतेय. अशा वेळी जे होतं तेच झालं. ज्यांच्या वडिलांनी बजाज चेतकचं बुकिंग करून वर्षानुवर्षं वाट पाहिली त्यांना हे समजावून सांगायला नको. त्या काळात शोरूममधल्या नव्या स्कूटरपेक्षा हातात मिळणारी जुनी स्कूटर महाग असायची. चेतक चांगली होती, वादच नाही, पण वरचे पैसे तिच्या चांगलेपणाचे नव्हते, ते रांगेचे होते.

तुम्ही म्हणाल, मग काय झालं? दुर्मिळ तर दुर्मिळ, विकताना पैसे परत येतील. येतीलही. घड्याळ असतं, जुनी बुलेट असती, तर मीही म्हटलं असतं घे. पण त्याने परवाना 'स्वसंरक्षणासाठी' घेतलाय. रात्री बागेत मोटार चालू करायला जायचं, हातात रोकड असते, मजुरांचे पगार असतात, हे कारण त्याने अर्जात लिहिलंय आणि ते खरंही आहे. (बिबट्याचं कारण त्याने लिहिलं नाही हे बरं केलं. निफाडात उसात बिबटे आहेत, पण १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली बिबट्यावर गोळी झाडणं हा स्वतंत्र उद्योग होऊन बसेल.) आता ज्या वस्तूवर वेळ पडली तर जीव टाकायचा, ती वस्तू ऐंशी-नव्वद वर्षांची, तिची स्प्रिंग कोणी कधी बदलली माहीत नाही, मॅगझिन एकच, पार्ट बनवणारा कारखाना विलायतेत कधीच बंद झालेला. मोडलं तर कोणीतरी मिस्त्री कानशीने पार्ट घासून देणार. प्रॉडक्शन सर्व्हरवर, ज्याचा व्हेंडर मेलाय आणि ज्याचं डॉक्युमेंटेशन हरवलंय, असं सॉफ्टवेअर आपण चालवू का? (चालवतो, मला माहितीय. पण नाइलाजाने, पाच लाख देऊन नव्हे.)

ऑर्डनन्सच्या पिस्तुलाचा ट्रिगर जड आहे, फिनिशिंगवरून शौकीन लोक नाक मुरडतात, आणि त्यात तथ्य आहे. सरकारी कारखान्यासमोर इतकी वर्षं स्पर्धकच नव्हता, तर फिनिशिंगला घाम कोण गाळेल? अशा बाजारात वाईट वाटणारी गोष्ट अशी, की स्वस्त आणि भारी यांच्या मधलं जे 'चांगलं' असतं, तेच नसतं. डॅलसच्या मित्राला पाचशेपासून पाच हजारांपर्यंत दर दोनशे डॉलरला एक पायरी आहे. माझ्या भावाला दोनच, एक तळमजला आणि एक गच्ची, आणि मधला जिना सरकारने काढून नेलाय.

तरीही मी म्हणेन, घ्यायचंच असेल तर तळमजला. नवीन नळी, नवीन स्प्रिंग, तक्रार घेऊन जायला एक पत्ता. उरलेल्या चार लाखांत बागेत कॅमेरे, दिवे, दणकट तिजोरी आणि पगार थेट खात्यात भरायची सोय, हे सगळं होऊन पैसे उरतात. आणि खरं सांगायचं तर परवान्यावर काडतुसांचा आकडा मर्यादित लिहिलेला असतो, सराव करायला जागा नसते, त्यामुळे आपल्याकडचे बहुतेक परवानाधारक वर्षभरात दोन हातांच्या बोटांइतक्याही गोळ्या झाडत नसावेत असा माझा अंदाज आहे. अशा माणसाच्या हातात एक लाखाचं काय आणि पाच लाखांचं काय, अंधारात, घाबरलेल्या हाताने, दोन्ही सारखीच. मामीला तर दोन्ही नकोयत. घरात नऊ वर्षांचा नातू आहे आणि कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात हे त्याला आत्तापासून माहीत आहे, हे तिचं म्हणणं. माझ्या मते या सगळ्या चर्चेत सर्वात मुद्द्याचं तीच बोलली.

आता रेंजकडे येऊ, कारण तुमच्यापैकी बहुतेकांच्या कामाचा भाग हा आहे. २०२४ ला पॅरिसमध्ये मनू भाकरने पिस्तुलात दोन ब्राँझ आणली, आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेने रायफलमध्ये एक आणलं, आणि टीममधल्या एका ज्युनिअरला नेमबाजी शिकायची हुक्की आली. तिचा प्रश्न: काही हजारांतलं देशी स्प्रिंगचं एअर पिस्तूल घेऊन घरी सराव करू, की कर्ज काढून दीड-दोन लाखांचं स्टायर किंवा मोरिनी घेऊ? सोबत तिला एक 'क्लासिक' दिसणारं, हुबेहूब १९११ सारखं गॅसवर चालणारं पिस्तूलही आवडलं होतं. ते मी लगेच बाद केलं. शोकेसमध्ये ठेवायला छान, पण दहा मीटरच्या स्पर्धेत त्याचं काम नाही. मॅच पिस्तूल दिसायला अगदी कुरूप असतं. लाकडाचा खडबडीत, हाताच्या मापाचा दांडा, वर एक नळी, खाली हवेचं सिलिंडर. केमिस्ट्रीच्या लॅबमधून चोरून आणल्यासारखं.

बाकी दोनमध्ये काय निवडायचं, यासाठी तिला मी कागदावर एक हिशोब करून दाखवला. निशाणा विखुरतो तो दोन कारणांनी, एक हात आणि एक हत्यार. दोन्ही चुका स्वतंत्र आहेत असं धरलं तर त्यांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. स्टॅटिस्टिक्सच्या पहिल्या सेमिस्टरचं. समजा नवशिक्याचा हात ६० मिलिमीटर विखुरतो आणि स्वस्त पिस्तूल १५. एकूण झालं साधारण ६२. आता दोन लाखांचं पिस्तूल आणलं, ते फक्त ५ विखुरतं. एकूण किती? ६० आणि वर थोडंसं. दोन लाखांत दीड-दोन मिलिमीटर! नेमाचा दहाचा गोल ११.५ मिलिमीटर व्यासाचा असतो, त्यामुळे तेवढ्याने काही होत नाही. पण वर्षा-दोन वर्षांनी हाताचं विखुरणं २० वर आलं की तेच गणित फिरतं. स्वस्त पिस्तुलाने २५, चांगल्याने २१ च्या आत. इथे पिस्तूल पैसे फेडायला लागतं.

म्हणजे आधी स्वस्त घ्या, मग महाग, असंच ना? नाही. या हिशोबात एक भोक आहे आणि ते भोक म्हणजे ट्रिगर. हात आणि हत्यार स्वतंत्र आहेत हे आपण धरून चाललो, पण ते पूर्ण खरं नाही. नियमाप्रमाणे दहा मीटरच्या पिस्तुलाचा ट्रिगर कमीत कमी ५०० ग्रॅमचा हवा, आणि चांगल्या पिस्तुलात तो तेवढाच, रोज सारखा, एकाच जागी सुटतो. स्वस्त स्प्रिंगच्या पिस्तुलात तो कित्येक पट जड, खरखरीत, आणि वर आतला पिस्टन धावताना धक्का देतो. त्याला सामोरं जायला तुमचा हात आधीच आवळतो. ही आवळण्याची सवय एकदा लागली की ती मोडायला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मी रेंजवर लोकांमध्ये बघितलंय. भारी पिस्तूल हातात दिलं तरी हात आवळतोच.

म्हणून माझं मत असं, की पहिलं वर्ष विकत काहीच घेऊ नका. क्लबचं पिस्तूल वापरा, भाडं भरा, जुनं असेल, मुठीवर दुसऱ्याच्या घामाचे डाग असतील, पण ट्रिगर खरा असेल. स्वस्त हत्यार विकत घेण्यापेक्षा चांगलं हत्यार उसनं घेणं बरं. घरी फक्त होल्डचा सराव करा. नाशिकला ही गोष्ट वेगळी सांगायला नको होती खरं तर. भीष्मराज बाम सर इथेच राहायचे. पोलीस सेवेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी अंजली भागवत, सुमा शिरूर यांच्यासारख्या नेमबाजांपासून राहुल द्रविडपर्यंत अनेकांना मन ताब्यात ठेवायला शिकवलं, आणि तेही योगाच्या, आपल्या घरच्या भाषेत. ते २०१७ ला गेले. त्यांच्या शिकवणुकीत हत्याराच्या किमतीला फारसा भाव नव्हता. ६० गोळ्या, ७५ मिनिटं, आणि प्रत्येक गोळीच्या आधी तोच तो स्वतःशी चाललेला गोंधळ. त्याच्यावर कुठलं मॉडेल चालतं सांगा.

पण म्हणून 'हत्यार काही नसतं, सगळं मनात असतं' असं म्हणणाऱ्यांच्या पंथातही मी नाही. टोकियोत २०२१ साली, क्वालिफिकेशन चालू असताना मनूचं पिस्तूल बिघडलं. दुरुस्तीत बरीच मिनिटं गेली, उरलेल्या वेळात घाईने गोळ्या माराव्या लागल्या, ५७५ झाले आणि फायनल दोन गुणांनी हुकली. जगातल्या उत्तम पिस्तुलांपैकी एक हातात होतं, मनही तयार होतं, आणि तरीही. पॅरिसच्या त्या तुर्की काकांचा, युसुफ डिकेचचा, खिशात हात घातलेला फोटो सगळ्यांनी फॉरवर्ड केला, 'ना चष्मा, ना गॅजेट' म्हणून. पण त्यांच्या दुसऱ्या हातातलं पिस्तूल नीट बघा, ते पक्कं मॅचचंच आहे. साधेपणा कुठे परवडतो आणि कुठे नाही हे त्यांना बरोबर कळलेलं होतं.

तर ज्युनिअरला शेवटी जे सांगितलं ते असं: वर्षभर क्लब. मग हात वीस-पंचवीस मिलिमीटरवर आला की सेकंडहँड मॅच पिस्तूल. एखादा मुलगा बारावीनंतर खेळ सोडतो, एखादीला स्पॉन्सर मिळतो, त्यामुळे अशी पिस्तुलं क्लबात फिरत असतात. ते घ्यायला जाल तेव्हा बाहेरची चमक बघू नका, हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी बघा. उत्पादनापासून दहा वर्षं झाली की बहुतेक कंपन्यांच्या हिशोबाने ते बाद, स्पर्धेत तपासणीला अडवतात, आणि नवं सिलिंडर बाहेरून मागवायला काही हजार आणि बरेच आठवडे लागतात. विकणारा सहसा ती तारीख आपणहून दाखवत नाही. पिस्तूल उलटं करून स्वतः वाचा, आणि तेवढे पैसे किमतीतून वजा करून मागा.